पायथ्याशी कोणाला ठेवायचं?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो ते गुरुजी शाळेत इतिहास शिकवत आणि थंडी पडली की मुलांना घेऊन गडावर जात. त्यांच्या हाताखाली शिकलेली पिढी आज या सभागृहात आहे. त्या काळी प्रत्येक वर्गात पोलिओने पाय अधू झालेलं एखादं मूल असायचं. सहलीच्या दिवशी ते घरी राहायचं किंवा पायथ्याच्या हॉटेलात सगळ्यांच्या डब्यांची राखण करत बसायचं. यात कोणाला काही खटकत नसे. गड म्हटला की चढ आला, आणि ज्याला चढता येत नाही त्याने खाली थांबायचं, हे घरचे, शिक्षक आणि ते मूलसुद्धा धरूनच चालायचे.

मी जुन्या वास्तूंच्या जतनाच्या कामातला माणूस आहे. दगड, चुना, लाकूड आणि गळती यांत माझा जन्म गेला. या विषयावर बोलायला समाजसेवेचं काम करणारा कोणी हवा होता असं काहींना वाटेल, पण मी मुद्दाम हा विषय निवडला. कारण ऐतिहासिक जागी दिव्यांगांना येऊ न देणारं सगळ्यात भारदस्त कारण आम्ही जतनवालेच पुढे करतो. 'मूळ वास्तूला धक्का लागेल' असं आम्ही म्हणतो, आणि तिथे सगळ्यांचं बोलणं खुंटतं. हे कारण किती खरं आहे, ते आज तपासू या.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. आधी मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या भौतिकशास्त्राच्या परिषदेला आले, तिथून दिल्लीला गेले. दिल्लीतल्या जुन्या वास्तू पाहायची इच्छा त्यांनी व्यक्त केली. विजेवर चालणाऱ्या खुर्चीतला हा पाहुणा कुतुबमिनारच्या आवारात जाणार कसा, हा प्रश्न उभा राहिला. स्वतः व्हीलचेअर वापरणारे जावेद आबिदी तेव्हा दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढत होते, त्यांनी पाठपुरावा केला. पुरातत्त्व खात्याने कुतुबमिनार, जंतरमंतर अशा वास्तूंमध्ये तात्पुरते लाकडी उतार बसवले. वर्षानुवर्षं अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट काही फळ्यांनी जमून गेली. एकही दगड हलला नाही, एकही कोरीव पट्टी झाकली गेली नाही. पुढे आबिदींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धरून ठेवलेला मुद्दा साधा होता : पाहुण्यासाठी जे जमलं ते दिल्लीत राहणाऱ्या अपंग माणसासाठी का जमू नये? त्या रेट्यातून कायमच्या उतारांची वाट मोकळी झाली.

आता या उताराचं गणित सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. एक फूट उंची चढायची असेल तर बारा फूट लांबीचा उतार लागतो. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट. आपल्या वाड्यांचे उंबरठे नऊ-नऊ इंचांचे असतात, त्यांना नऊ फूट. जागा कमी म्हणून हाच उतार तीन फुटांत उरकला, तर ती घसरगुंडी होते. खुर्चीवरचा माणूस स्वतःच्या हातांनी ती चढू शकत नाही, आणि मागून ढकलणारा घसरला तर दोघंही खाली येतात. महाराष्ट्रात अशा घसरगुंड्या मी पुष्कळ पाहिल्या. अहवालात मात्र त्यांच्यापुढे 'रॅम्प उपलब्ध' असं लिहिलेलं असतं. एका संग्रहालयात उतार अगदी मापात होता, पण तो संपतो तिथल्या दाराला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते गृहस्थ रजेवर होते.

मूळ वास्तूला धक्का लागण्याच्या भीतीकडे वळतो. ही भीती खोटी नाही, आणि तिची मोठी परीक्षा अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर झाली. पार्थेनॉनची ती टेकडी म्हणजे शतकानुशतकं पावलांनी गुळगुळीत झालेला चुनखडीचा खडक. धडधाकट माणसाचाही पाय सरकतो. २००४ च्या पॅरालिम्पिकच्या निमित्ताने तिथे उत्तरेच्या कड्याला एक लिफ्ट बसवली गेली. ती पुढे वारंवार बंद पडायची, आणि लांबून आलेली माणसं खालूनच परत जायची. डिसेंबर २०२० मध्ये, जागतिक दिव्यांग दिनाला, नवी लिफ्ट सुरू झाली आणि माथ्यावर काँक्रीटच्या वाटाही झाल्या. त्यावर जगभरातल्या अभ्यासकांत मोठा वाद पेटला. काँक्रीटने खडकाचं मूळ रूप झाकलं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूने उत्तर दिलं की खडक आणि काँक्रीट यांच्यामध्ये वेगळा थर घातला आहे, त्यामुळे उद्या वाट काढायची झाली तर काढता येईल.

माझं मत विचाराल तर वाटा हव्या त्यापेक्षा रुंद आणि डोळ्यांत भरणाऱ्या झाल्या आहेत, हलक्या हाताने करता आल्या असत्या. पण लिफ्ट हवीच होती. वाद कशावर झाला ते मात्र लक्षात घ्या. काम कसं करावं यावर झाला. खुर्चीवरच्या माणसाने वर यावं की नाही, हा प्रश्न तिथे मागे पडलेला होता. आपल्याकडे पहिलाच प्रश्न अजून सुटलेला नाही.

जतनशास्त्राचा एक मूलभूत नियम आहे : जे काही नवं कराल ते वेगळं ओळखू यावं, कमीत कमी असावं आणि पुढे काढता यावं. लाकडी किंवा लोखंडी सांगाड्यावरचा सुटा उतार या तिन्ही अटींत बसतो. या नियमाची आठवण आम्हाला नेमकी दिव्यांगांच्या बाबतीत होते. तिकीटघरं, पार्किंग, रोषणाईच्या केबली, शौचालयांच्या टाक्या, मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी एका रात्रीत टाकलेला डांबरी रस्ता हे सगळं जुन्या जागांवर होतंच आहे. त्यातलं पुष्कळसं काढताही येणार नाही. इतक्या सोयी पचवलेल्या वास्तूला नऊ फुटांची फळी जड होते, हे कारण मी यापुढे कोणाकडून ऐकून घेणार नाही. माझ्या व्यवसायबंधूंकडून तर मुळीच नाही.

गडांची गोष्ट अवघड आहे, हे मोकळेपणाने सांगतो. गड बांधलाच होता माणसाला अडवण्यासाठी. रायगडाचा महादरवाजा गोमुखी बांधणीचा आहे, म्हणजे दोन बुरुजांच्या कवेत वळण घेऊन लपवलेला. येणाऱ्याचा वेग मोडावा, त्याला वाट नीट दिसू नये, हाच त्या बांधणीचा हेतू. तिथला चढ, वळण, अडथळा हा इतिहासाचा पुरावा आहे. तो सपाट केला तर गडच पुसला जाईल. साल्हेरच्या माथ्यावर व्हीलचेअर गेली पाहिजे असं मी म्हणत नाही, आणि मला भेटलेल्या एकाही अपंग माणसाने तशी मागणी केलेली नाही. राजगडाच्या पद्मावती माचीपर्यंत सिमेंटचा रस्ता काढायला निघाले, तर आडवा पडणाऱ्यांत मी पहिला असेन.

पण त्याच रायगडावर एक पालखी दरवाजा आहे आणि एक मेणा दरवाजा आहे. मेणा दरवाज्याच्या आतल्या बाजूला राणीवशाचे महाल आहेत. ज्यांना पायी चढायचं नव्हतं किंवा चढता येत नव्हतं त्यांच्या ये-जा करण्याची तजवीज गड बांधतानाच झाली होती, दरवाज्यांची नावंच ते सांगतात. शत्रूला अडवणारा गड आपल्या माणसांना अडवत नव्हता. हा विचार परदेशातून उसना आणावा लागत नाही.

१९९६ मध्ये रायगडाला रोप-वे झाला. चौदाशेच्या वर पायऱ्या चढायचं काम काही मिनिटांवर आलं, हजारो वृद्धांनी त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा राजसदर पाहिली. त्याचं मला फार मोल वाटतं. मात्र वरच्या स्थानकावर उतरलं की मेणा दरवाज्याकडे जायला पुन्हा पायऱ्याच आहेत. एवढं मोठं यंत्र उभं राहिलं आणि शेवटच्या टप्प्यावर खुर्ची अडली. हे सगळीकडे होतं. आपण एकेक सोय सुटी करतो, वाट सलग करत नाही. एसटीतून उतरण्यापासून ते शौचालयापर्यंत आणि परत एसटीपर्यंत, यात एक दुवा तुटला तरी बाकीचा खर्च वाया. आणि शौचालय हा यातला सगळ्यात दुर्लक्षित दुवा आहे. सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणाऱ्या अपंग स्त्रिया मला माहीत आहेत.

वाट नसली की उचलून नेतात. घारापुरीला माझ्याबरोबर एक मित्र होता, कमरेखालून संवेदना नसलेला. गेट वे ऑफ इंडियाच्या शेवाळलेल्या पायऱ्या, खाली हलणारी लाँच, आणि ती भरली म्हणून तिच्यातून ओलांडून पलीकडच्या लाँचमध्ये जायचं. चार खलाशांनी त्याला खुर्चीसकट उचललं. माणसं मनाने चांगली होती. 'काका, घाबरू नका' असं सारखं म्हणत होती. बेटावर धक्क्यावरून छोटी गाडी आहे, पण तिच्यात चढायलाही पायरी. मग लेण्यांपर्यंतच्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. तिथे बांबूला बांधलेली खुर्ची मिळते. वर पोचलो, महेशमूर्तीसमोर उभे राहिलो. मी त्याला विचारलं, कसं वाटतंय? तो म्हणाला, 'उचलतात तेव्हा मी काही बघत नाही. दोन्ही हातांनी धरून बसतो. आता जरा श्वास घेऊ दे, मग बघतो.' पूर्वी पालखीत बसणाऱ्याचा शब्द चालायचा, भोई त्याच्या हुकमाने थांबत. आज उचलला जाणारा माणूस दुसऱ्यांच्या मर्जीवर असतो, आणि त्याला कुठे थांबायचंय हे कोणी विचारत नाही. अजिंठ्याला, घारापुरीला डोलीवाल्यांची पोटं त्यावर आहेत, त्यांना माझा विरोध नाही. दुसरी वाट असताना कोणी डोली निवडली तर ती सोय, नाइलाजाने बसावं लागलं तर ती सोय नव्हे.

आता संग्रहालयांबद्दल. इथे चढाचा प्रश्न थोडा आणि काचेचा जास्त. आपली संग्रहालयं पूर्णपणे डोळ्यांसाठी मांडलेली आहेत. 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी वाचू शकणाऱ्यासाठी ती सूचना आहे. न दिसणाऱ्यासाठी तिथे संग्रहालयच संपतं. अल्डो ग्रासिनी आणि डॅनिएला बॉतेगोनी हे इटलीतलं अंध जोडपं. प्रवासाची दोघांना हौस, आणि प्रत्येक संग्रहालयात हात मागे घ्या म्हणून ऐकावं लागायचं. शेवटी त्यांनी अँकोना शहरात स्वतःच्या प्रयत्नांतून १९९३ मध्ये स्पर्शाने पाहायचं संग्रहालय उभं करवलं. ओमेरो, म्हणजे होमर, या आंधळ्या मानल्या गेलेल्या कवीचं नाव त्याला दिलं. पुढे ते सरकारी संग्रहालय झालं. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचं दालन आहे. निवडक वस्तूंच्या बावीस प्रतिकृती, ब्रेल पट्ट्या आणि ध्वनिफीत, अशी त्याची मांडणी. तसं दालन आपल्या प्रत्येक जिल्हा संग्रहालयात का नसावं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

प्रतिकृतींचाच आग्रहही मला धरायचा नाही. आपल्याकडे वीरगळी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, गावोगाव आहेत. देवळाच्या आवारात, पिंपळाच्या पारावर, शेताच्या बांधावर त्या शतकांचं ऊन-पाऊस खात उभ्या आहेत. लोक त्यांना तेल वाहतात, शेंदूर फासतात, लेकरं त्यांच्यावर चढतात. तोच दगड संग्रहालयात आला की त्याला बोट लावायची बंदी! चित्र, कापड, कागद, धातू यांना हात लागू नये हे मी शपथेवर सांगेन. हाताच्या घामाने त्यांची हानी होते. पण काळ्या पाषाणाची एखादी वीरगळ, हात स्वच्छ धुऊन, सोबत जाणकार माणूस असताना, एका अंध विद्यार्थ्याने चाचपली तर काय बिघडेल?

मी हे एका छोट्या संग्रहालयाच्या अंगणात करून पाहिलं. अंध शाळेतली नववीतली एक मुलगी होती. तिला एवढंच सांगितलं की हा दगड खालून वर वाचायचा. तिने खालच्या चौकटीत बोटं ठेवली. 'घोडा,' ती म्हणाली, 'आणि याच्या पायाखाली कोणीतरी पडलंय.' बोटं ढालीवर आली, गोल फिरली, मग तलवारीच्या पात्यावरून टोकापर्यंत गेली. मधल्या चौकटीत तीन आकृत्या लागल्या. मधला पुरुष, दोन्ही बाजूंना बायका. 'या बायका त्याला धरून वर नेताहेत का? यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत.' आम्ही पुस्तकात वाचून शिकलो की या अप्सरा वीराला स्वर्गाला नेतात. तिने ते पायांवरून ओळखलं. त्यावरच्या चौकटीत पिंडी आणि हात जोडून बसलेला वीर. शेवटी माथ्यावर चंद्र आणि सूर्य. तिथे ती थांबली. चंद्रकोर तिने कधी हातात धरली नव्हती. कोरीची दोन्ही टोकं चिमटीत धरून तिने विचारलं, 'चंद्र असा असतो?'

वीरगळीवर मी याआधी व्याख्यानं दिली आहेत. त्या अप्सरांचे पाय मी कधी पाहिले नव्हते.

सोय म्हटली की आपल्याला उतार आणि ब्रेल एवढंच सुचतं. पण उतारवयात दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल वाचता येत नाही, त्यांना नीट लिहिलेलं, चांगल्या आवाजात वाचलेलं वर्णन लागतं. मोठी, ठळक, चकाकी नसलेली अक्षरं लागतात. कर्णबधिरांचा तर कोणी विचारच करत नाही, कारण ते चालत येतात आणि आपल्याला कळतही नाही. रायगडाची राजसदर घ्या. दोनशेवीस फूट लांब. नगारखान्याशी कोणी कुजबुजलं तरी सिंहासनाच्या चौथऱ्याशी ऐकू येतं. प्रत्येक गाइड हा प्रयोग करून दाखवतो, माणसं थक्क होतात. अंध माणसाला त्या आवाजातून दरबाराचा विस्तार कळतो, कदाचित आपल्यापेक्षा लवकर. कर्णबधिर मूल मात्र सगळे का हसले म्हणून बघत राहतं. गाइडच्या सगळ्या गोष्टी सांकेतिक भाषेत चित्रित करून मोबाइलवर देणं आज मुळीच अवघड नाही. सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी २०१५ पासून दिल्लीत केंद्र सरकारची संस्था काम करते आहे. आपल्याकडून कोणी जाऊन मागणी करायला हवी. स्वमग्न मुलांच्या आयांनी मला सांगितलं की त्यांना फक्त आठवड्यातला एक शांत तास हवा आहे, गर्दी आणि लाउडस्पीकर नसलेला. त्याला तर पैसाही लागत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले. लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या, असं कायदा म्हणतो. ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे सध्याचे नियम नुसत्या शिफारशींसारखे आहेत आणि कायद्याला बंधन अभिप्रेत आहे. सरकारने तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले, आणि तेव्हा अपंगत्वाचे सातच प्रकार कायद्यात होते, आज एकवीस आहेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंदाचे फटाके वाजले, ते योग्यच झालं. आता या गडांचे आराखडे होतील, निधी येईल, कामं निघतील. उतार, शौचालय, स्पर्शाचा नकाशा हे सगळं आज कागदावर आलं तर होईल, पुढच्या टप्प्यावर ढकललं तर आणखी एक पिढी जाईल.

माझी सूचना अशी की सुरुवात पन्हाळ्यापासून करावी. तिथे गडावरच गाव वसलेलं आहे, अंबरखान्याच्या आणि तीन दरवाज्याच्या जवळपर्यंत गाडी जाते. निसर्गाने आणि रस्त्याने अर्धं काम करून ठेवलंय. तिथे ही वाट सलग झाली तर बाकीच्या गडांवर काय जमेल आणि काय जमणार नाही, ते अनुभवावरून ठरवता येईल. जिथे माथा गाठणं खरोखरच शक्य नाही, तिथे पायथ्याला गडाची हाताने पाहता येईल अशी मोठी प्रतिकृती असावी, तटाच्या दगडाचा तुकडा, तोफेचा गोळा, चुन्याचा नमुना हाताळायला असावा. तेही मुख्य प्रवेशाजवळ असावं, मागच्या खोलीत नको. आणि आराखड्याच्या पहिल्या बैठकीला व्हीलचेअर वापरणारा, अंध आणि कर्णबधिर माणूस सल्लागार म्हणून मानधन देऊन बोलवावा. काम झाल्यावर फीत कापायला बोलावून उपयोग नाही.

आपल्यातल्या प्रत्येकाला एक करता येईल. आपल्या गावातल्या संग्रहालयात, वाड्यात, स्मारकात पुढच्या वेळी जाल तेव्हा एखाद्या अपंग मित्राला किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. कुठे अडलं ते तारखेनिशी लिहून व्यवस्थापनाला पत्र द्या, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहीत राहा.

शेवटची विनंती आयोजकांना. आपल्या या व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत, उंची दोन फूट. चोवीस फुटांचा उतार लागेल. उजव्या भिंतीला लागून, मध्ये एक वळण घेऊन तो बसतो. येताना मी पावलांनी मोजून पाहिलं आहे. नकाशा मी काढून देतो, पैसे घेणार नाही. पुढच्या वर्षीची व्याख्यानमाला सुरू व्हायच्या आत तो बांधून घ्यावा.